राखेतली कडी

शाळेतल्या कवायतीच्या मास्तराने मला फसवले. माझ्याच भट्टीतली मेलेली कडी त्याने मला जिवंत म्हणून दिली आणि कर्नाळ्याच्या सुळक्यावर मी तिच्या भरवशावर लटकलो. हे आधी लिहितो, कारण पनवेलात लोक उलटे सांगतात.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर मुंबईच्या जुन्या बाजारात लष्कराचा पोलादी माल आला. मास्तर तिथून चढाईच्या मेखा आणि कड्या आणायचा. मेख कातळाच्या फटीत ठोकायची, तिच्यात सांध्यावर उघडझाप होणारी कडी अडकवायची, कडीतून दोर न्यायचा. एवढ्यावर माणसाचा जीव. मी मिठागरात टोपल्या वाहून वाढलो, लोहारकाम बघून बघून शिकलो, बंदराच्या रस्त्यावर स्वतःची भट्टी घातली. मास्तराच्या बोथट मेखा नीट करून देण्याच्या बदल्यात मी त्याचा सगळा झिजलेला माल पदरात पाडून घेतला. वर सुळक्यावर सोबत नेण्याची अटही घातली.

मेखेची मी अंगठी करायचो, कडीचे मनगटातले कडे. "कातळाला धरून राहिलेलं लोखंड हाय," म्हटले की बंदरावरच्या बायका डोलकाठीवर चढणाऱ्या नवऱ्यासाठी अंगठी नेत. एखादी फार घासाघीस करू लागली की मी म्हणायचो, "मग नवऱ्यालाच खाली उतरवा, वयनी."

कडे वळवायला पोलाद आधी मऊ करावे लागते. लालभडक तापवून राखेत पुरायचे, दिवसभर निवू द्यायचे. काढल्यावर आकार कडीचाच असतो, पण आतला जोर गेलेला असतो. राखेच्या डब्याला हात लावू नका, हे मास्तराला मी दहादा बजावले होते.

एकदा मुंबईचे पाहुणे चढाईला येणार होते आणि त्याच्या कड्या कमी पडल्या.

"दोन परत दे," मास्तर म्हणाला.

"दिलेला माल परत नाय मिलत, मास्तर. नव्या आणा."

"गळा कापतोस तू."

"मान तुमीच पुढं केली."

तो हसून गेला. दुसऱ्या दिवशी मी कोळसा घेऊन परतलो तर राखेचा डबा कलंडलेला. मांजर असेल म्हणून मी पाहिलेही नाही.

रविवारी सुळक्यावर मी पुढे चढत होतो. मास्तराने माझ्या कमरेला चकचकीत कड्या अडकवल्या. स्वतःच्या कमरेला त्याने जुन्याच ठेवल्या होत्या. अर्ध्यावर मेख ठोकून मी कडी लावली, दोर घातला, आणि दोन हात वर गेल्यावर पाय निसटला. दोराला हिसका बसला. कडी ओल्या वेतासारखी सरळ होऊन मेखेतून निघाली. माझा उजवा हात फटीत अडकलेला होता, अंग खाली गेले. दोन बोटे तिथेच राहिली. खालच्या कडीने मला झेलले तेव्हा कातळावर आपटून कोपराचे हाड बाहेर आले होते.

सरळ झालेली कडी एका टोकाच्या आकड्याने दोराला अडकून घसरत माझ्या पोटाशी आली. तिच्या सांध्यात विटेची लाल भुकटी होती. राखेतून निघालेले पोलाद काळे असते. ते कोणीतरी घासून उजळले होते.

मला खाली उतरवले. मास्तर पंचा फाडून हाताला बांधू लागला. मी डाव्या हाताने त्याची मानगूट धरली आणि तोंड कातळावर हाणले. दोन दात पडले. पुन्हा हाणणार होतो, पण पाहुण्यांनी मला ओढून धरले.

"तुझ्याच भट्टीतली आहे ना?" तो रक्त थुंकत म्हणाला.

"काली होती ती. विटेनं कोणी घासली? तूच ना?"

त्या दिवसापासून त्याला मी 'तुमी' म्हटलेले नाही.

पाहुणे मुंबईला गेले. मास्तराने नाक्यावर सांगितले की दागिन्यांच्या हावेपायी लोहाराने तापवलेला माल चांगल्यात मिसळला. मेखा यायच्या बंद झाल्या. बंदरावरच्या बायकांनी अंगठ्या आणून माझ्या उंबऱ्यावर फेकल्या. एक म्हणाली, "माझ्या घो‍वाला मारनार होतास काय?" हातोडा धरायला तीन बोटे उरली होती, आणि ठोकायला काम नव्हते.

डबा कलंडलेला दिसल्यावर मी आत पाहायला हवे होते. तेवढा दोष माझा. पण विटेने मी घासले नव्हते. ती कडी अजून माझ्या दारावर टांगलेली आहे. मास्तर, ये. तिच्याखाली उभा राहा आणि चार माणसांत सांग, ही राखेतून कोणी काढली?