माइल्डचं शेवटचं पिंप

बिअर बदलली म्हणून डोळ्यांत पाणी आणणारी माणसं मी लंडनजवळच्या स्लाऊला राहायला आलो तेव्हा पहिल्यांदा पाहिली. आपल्याकडे माणूस बिअर पिऊन रडतो, इथे हवी ती मिळत नाही म्हणून रडतात. दोन हजारचं दशक होतं, मी पुण्याहून कंपनीच्या व्हिसावर आलेलो, आणि बिअर म्हणजे दात शिवशिवतील इतकी गार बाटली आणि शेजारी मसाला शेंगदाणे, एवढंच माझं त्या विषयातलं शिक्षण.

ते पुढचं शिक्षण शेजारच्या आजोबांनी दिलं. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक लेक एडिनबराला हॉस्पिटलात नोकरी करायची. आजोबा मला कोपऱ्यावरच्या पबमध्ये घेऊन गेले आणि माइल्ड पाजली. माइल्ड म्हणजे काळपट, बेताची कडक, जेमतेम थंड, आणि फेस म्हणाल तर नावाला. पहिला घोट घेतला आणि मला वाटलं, कोणीतरी सर्दीवरचा काढा करून ठेवलाय आणि विसरून गेलंय. आजोबा म्हणाले, तिसऱ्या ग्लासाला आवडेल. कसलं काय! तिसऱ्या हिवाळ्यात आवडायला लागली. पण एकदा लागली ती अशी की पुण्याला सुट्टीवर गेलो तरी तिचीच आठवण यायची, आणि मित्र म्हणायचे, झाला हा साहेब.

आणि माझं नशीब बघा, मला आवडायला लागली आणि ती जायलाच लागली. पबमधल्या म्हाताऱ्यांच्या टेबलावर दर महिन्याला एक सुतक. अमुक बिअरची भट्टी मोठ्या कंपनीनं घेतली, नाव तेच, चित्र तेच, पण आता ती दुसऱ्याच गावी बनते. तमुकची ताकद कमी केली. त्या तिसरीला गारढोण करून नळातून सोडतात, म्हणजे चव कळायलाच नको. म्हातारे ग्लास उजेडाला धरायचे, वास घ्यायचे आणि शिव्या घालायचे. मग तोच ग्लास रिकामा करून दुसरा मागवायचे, तो भाग वेगळा. मीही त्यांच्यात बसून, जणू माझ्या आजोळीच ती भट्टी होती अशा थाटात, पूर्वीसारखं काही राहिलं नाही म्हणायला लागलो.

शेवटी आमची माइल्डही गेली. भट्टी बंद, जागेवर फ्लॅट येणार. आणि त्याच सुमाराला आजोबांचंही जायचं ठरलं. गुडघे गेले होते, जिना चढवत नव्हता, म्हणून लेकीनं त्यांना एडिनबराला न्यायचं ठरवलं. घर विकलं गेलं, किल्ल्या पुढच्या गुरुवारी द्यायच्या. लेक शुक्रवारी येणार, शनिवारी दुपारी आमच्याकडे निरोपाचं जेवण, रविवारी सकाळी दोघं गाडीनं निघणार. आजोबांनी एकच मागणं मागितलं. जायच्या आधी त्यांना त्या माइल्डचा एक नीट, नितळ ग्लास हवा होता. पबवाल्यानं शेवटचं छोटं पिंप त्यांच्यासाठी बाजूला ठेवलं होतं, ते त्यानं भेट दिलं.

आजोबांचं गॅरेज खोक्यांनी भरलेलं, म्हणून मंगळवारी ते आमच्या गॅरेजात आलं. ही बिअर पिंपात जिवंत असते. तळाशी यीस्टचा गाळ असतो, तो बसावा लागतो. म्हणून पबवाल्यानं ते चकचकीत धातूचं पिंप लाकडी पाचरींवर आडवं निजवलं, नळ ठोकला, वरच्या भोकात खुंटी मारली आणि बजावलं, शनिवारपर्यंत याला बोट लावायचं नाही. हललं की गाळ वर येतो, आणि पुन्हा बसायला दोन दिवस. मी म्हटलं, काळजी नको. माझ्या घरात पिंपाला हात लावणारं होतं कोण?

होते. माझे सासरे होते. नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले होते, सरकारी नोकरीतून निवृत्त, आणि निवृत्तीनंतर माझ्या घराचा कारभार त्यांनी आपणहून हातात घेतलेला. सकाळी अंघोळ, पूजा, चहा, आणि मग घरभर फेरी. कुठला नळ गळतो, कुठला दिवा उगाच चालू आहे, सगळं बघायचं आणि माझ्याकडे बघून मान हलवायची. त्यांनी मंगळवारी गॅरेजात हे धूड पाहिलं आणि आपल्या लेकीला, म्हणजे माझ्या बायकोला विचारलं, काय आहे. जावयाच्या गॅरेजात बिअरचं पिंप पडलंय हे वडिलांना कोणत्या तोंडानं सांगायचं? ती म्हणाली, गॅस आहे बाबा, शनिवारच्या बार्बेक्यूचा.

आता तुम्हीच सांगा. ज्या माणसानं आयुष्यभर गॅस सिलिंडरचा नंबर लावल्यापासून तो येईपर्यंत जीव मुठीत धरून संसार केला, तो आडवा पडलेला सिलिंडर बघून काय समजेल? सिलिंडर आडवा कधी करतात? संपत आला की. शेवटचा पोळीभाजीपुरता गॅस निघावा म्हणून. सासऱ्यांना वाटलं, जावयानं पाहुण्यांना बोलावलंय आणि गॅस तर संपायला आलाय. मग रोज फेरीत गॅरेज आलं की ते पिंपाला दोन्ही हातांनी धरून, कान लावून, चांगलं गदागदा हलवून बघायचे, आत किती उरलाय. नंतर पाचरींवर जसंच्या तसं ठेवायचे. शिस्तीचा माणूस.

शनिवारी जेवणाला आजोबा कोट-टाय घालून आले. लेक नुसतीच दमलेली दिसत होती, सारखी खोक्यांचं आणि हायवेच्या गर्दीचं बोलत होती. मी गॅरेजातून पहिला ग्लास भरून आणला आणि आजोबांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीशी धरला. पलीकडचं काही दिसेना. ताकात काळा मसाला कालवावा तशी दिसत होती ती. त्यांनी हळूच विचारलं, पिंप कोणी हलवलं का.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासऱ्यांना इंग्रजी बरोबर कळलं. ते उठून उभे राहिले आणि छाती काढून म्हणाले, "यस, मी. एव्हरी मॉर्निंग. डोंट वरी, फुल आहे."

बायको स्वयंपाकघरात पळाली ती हसू आवरेना म्हणून, आणि कपाळाला हात लावून बसायचं माझ्या वाट्याला आलं. सिलिंडर म्हणजे काय, तो हलवून का बघतात, आडवा कधी करतात, हे सगळं मी एका इंग्रज म्हाताऱ्याला समजावून सांगितलं. सासऱ्यांना त्यात गॅसऐवजी बिअर कशी काय ते सांगितलं. कोणतं जास्त अवघड गेलं, विचारू नका. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ग्लास खाली ठेवला आणि जाहीर केलं की ही नितळ होईपर्यंत ते हलणार नाहीत. लेकीनं सांगितलं, सामान गाडीत आहे. आजोबा म्हणाले, राहू दे गाडीत.

ओशाळलेल्या सासऱ्यांनी मग पहारा धरला. गॅरेजात खुर्ची टाकून डोळ्यांत तेल घालून बसले. आमचं वॉशिंग मशीन गॅरेजातच, ते बंद. दार धाडकन लावायचं नाही. मिक्सर नाही, आणि नातवाच्या वयाच्या मुलांनी बाहेर फुटबॉल आपटला तर त्यांनाही दम. बिअरचा थेंब न चाखलेला माणूस, पण तिची सेवा अशी चालू होती की घरच्या गणपतीची कधी झाली नसेल. आजोबाही येऊन शेजारी बसू लागले. मी चहा घेऊन गेलो की दोघं बोलत असायचे, एक इंग्रजीत, एक निम्म्या मराठीत. आजोबा गेलेल्या बिअरींची नावं सांगायचे. सासरे नागपुरातल्या एका तपकिरीचं सांगायचे, जी बनवणारा म्हातारा गेला आणि त्यानंतर आपल्याला एकही धड शिंक आली नाही म्हणायचे. आजोबा अगदी मनापासून मान डोलावत होते. त्यांना काय कळलं देव जाणे.

सोमवारी संध्याकाळी ग्लास भरला. पुन्हा गढूळ.

आता मात्र लेकीचा धीर सुटला. सासऱ्यांनी देवाशप्पथ हात लावला नाही म्हणून सांगितलं, पण सांगताना माझ्याकडे बघेनात. मला मेली शंकाही आली नाही. मी पबवाल्यावर चडफडत झोपलो.

मंगळवारी उजाडता उजाडता बेल वाजली. दारात लेक, अंगावर कोट, पायात चपला. आजोबा घरात नव्हते. गॅरेजचा दिवा चालू दिसला, म्हणून आम्ही दोघं मागच्या दारानं तिकडे गेलो. सासरे दाराशी टॉर्च घेऊन उभे, आणि आत, ज्यांचे गुडघे जिना चढत नव्हते ते आजोबा चक्क गुडघ्यांवर बसून पिंप पाळण्यासारखं हलवत होते. सावकाश, दोन्ही हातांनी.

सासरे मला मराठीत म्हणाले, "जावईबापू, तुम्ही काही पाहिलं नाही." त्यांना वाटलं, मराठीत म्हटलं की लेकीला दिसणारही नाही.

आजोबांनी हात काढून घेतले. उठता येईना, तेव्हा मी आणि सासऱ्यांनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी त्या बिअरसाठी हळहळत होतो आणि समोरचा माणूस काय करतोय ते मला दिसलं नव्हतं. माझ्या सासऱ्यांना ते एका दिवसात दिसलं होतं. लेकीनं फोन काढला आणि आपल्या हॉस्पिटलला कळवलं की गुरुवारपर्यंत येता येणार नाही. मग तिनं मला विचारलं, अजून एक खुर्ची आहे का.

दोन दिवस त्या तिघांनी मिळून पिंप राखलं. लेक वडिलांशी काय काय बोलत होती ते मी ऐकलं नाही, सासऱ्यांनी ऐकलं असेल, पण ते मूग गिळून बसले. बुधवारी संध्याकाळी मी ग्लास भरला आणि पलीकडे खिडकीची चौकट स्वच्छ दिसली. लालसर काळी, नितळ. इतके दिवस उघडलेल्या पिंपात राहून जराशी आंबटली होती. आजोबांनी पहिला घोट घेतला, मग बराच वेळ दुसरा घेतला नाही. लेकीनंही एक ग्लास घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. सासऱ्यांनी औषधापुरती म्हणून चमचाभर मागितली आणि औषधच आहे असा निकाल दिला.

मग लेक म्हणाली, "डॅड, जायचं नव्हतं तर मला सांगायचं तरी."

आजोबा म्हणाले, "सांगितलं असतं तर मला इथं राहू दिलं असतंस?"

"नाही," ती म्हणाली. "पण आठवडाभर आधी आले असते."

आजोबांनी तिचा ग्लास घेतला, स्वतः नळाशी वाकून काठोकाठ भरला आणि तिच्या हातात दिला.