लाइबूशच्या नावाची मेणबत्ती

पोलंडातल्या बेलावा गावच्या शिवणकारखान्यात शाइंदलाइतकी सरळ टीप कुणाची पडत नसे, आणि तिच्याइतकी भोळी बाईही तिथे दुसरी नव्हती. दुसरं महायुद्ध संपल्यावर ती या गावात आली ती एक पांघरूण आणि एकच आशा घेऊन: धाकटा भाऊ लाइबूश रशियातून परत येईल. सेहेचाळीस साली तिकडून गाड्या भरभरून माणसं येत होती. ज्यू समितीच्या कचेरीत त्यांची नोंदणीची कार्डं भरणारी हिंदा शाइंदलाच्याच खोलीत राहायची. तिचंही कुणी उरलं नव्हतं. भाऊ आला तर आधी माझ्याच टेबलाशी येईल, असं ती सांगायची.

त्या उन्हाळ्यात शाइंदला तीन आठवडे टायफसने इस्पितळात होती. हिंदा दर रविवारी बार्लीचं सूप घेऊन यायची. लाइबूश काही आला नाही. दोन वर्षांनी हिंदानेच तिची समजूत घातली, की आता त्याच्या नावाने मेणबत्ती लाव. आपण ज्यू दरसाल मेलेल्याच्या तिथीला मेणबत्ती लावतो, आणि तो दिवस ठाऊक नसला की एखादा दिवस ठरवून घेतो. हिंदाने ज्यू पंचांगातल्या ताम्मूझ महिन्याची एकोणीस तारीख सुचवली. गावातले बाकीचे ज्यू एकेक करून परदेशी गेले, या दोघी राहिल्या. चाळीस वर्षं दरसाल मेणबत्ती शाइंदला आणायची आणि काडी हिंदा ओढायची.

यंदा त्याच दिवशी दुपारी विद्यापीठातली मालविना आली. युद्धानंतर इथे वसलेल्या ज्यूंचा इतिहास ती लिहीत होती. तिने एका जुन्या कार्डाची प्रत टेबलावर ठेवली. फोटो लाइबूशचा. तो सेहेचाळीसच्या सात जुलैला आला होता आणि अठराला, म्हणजे ताम्मूझच्या एकोणीसला, देश सोडायला ट्रकने सरहद्दीकडे गेला होता. खाली हिंदाच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: बहीण शाइंदला, टायफसने मृत्यू.

मालविनाने इस्राएलातल्या हैफा शहरात त्याची मुलगी शोधून काढली होती. तो गेल्या जानेवारीत वारला. बहिणीच्या नावाने तो दरसाल मेणबत्ती लावायचा.

संध्याकाळी हिंदा नेहमीसारखी काडेपेटी घेऊन आली. कार्ड पाहून ती खुर्चीत बसली, पण नाकबूल झाली नाही.

"तो तुला घेऊन गेला असता," ती म्हणाली. "मग माझं कोण होतं गं?"

"आणि ही तारीख?"

"त्या दिवशी मीच त्याला ट्रकमध्ये बसवून दिलं. दुसरी तारीख सुचेचना मला."

शाइंदलाच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या हातचं सूप पिऊन ती जगली, त्याच हाताने तिला कागदावर मारलं होतं. तिने मेणबत्ती उचलून कपाटात ठेवली आणि काडेपेटी हिंदाच्या हातात परत दिली.

"त्याचा खरा दिवस आता मला कळलाय. तो मी एकटी पाळीन," ती म्हणाली. "आणि तुझ्या नावाने मेणबत्ती लावणारं कुणीतरी आतापासून शोधून ठेव."