कारणाचा रकाना

मे महिन्यात अकोल्याच्या रस्त्यावर लोकरी स्वेटर घालून चहाला जाणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच असेल, आणि ते आमचे भाऊ. आमची रक्त तपासणीची लॅब आहे. मुख्य कचेरी अमरावतीला, शाखा अकोल्याला, आणि नमुने पार वरूड, चांदूर बाजारहून येतात. अकोल्याचा सर्वर भाऊ सांभाळत. त्या खोलीत बारा महिने एसी, म्हणून स्वेटर; आणि दहा मिनिटांच्या चहासाठी तो काढायचा कशाला, म्हणून बाहेरही स्वेटर. टपरीवाला म्हणायचा, "भाऊ, तुमाले पाहूनच मले घाम येते." भाऊ शांतपणे बशीत फुंकर घालत. सर्वर बंद करून पुन्हा चालू करायचा असला की आधी त्याच्यावर हात ठेवून विचारत, "उठता का जी थोडं?"

भाऊंची खरी ओळख मात्र त्यांची लांबोडकी वही. सर्वरला शेकडो बारीक सूचना द्याव्या लागतात: कोणाला आत घ्यायचं, किती वेळ थांबायचं, रिपोर्ट कुठे पाठवायचा. यातली प्रत्येक सेटिंग भाऊ हातानं लिहीत, पुढे "कारण" असा रकाना, त्यापुढे सही. "कारण नाई, तर सेटिंग नाई." ही सवय घरीही. मुलीच्या लग्नात वरपक्षानं चारशे पाहुण्यांची यादी पाठवली, तर भाऊंनी तिच्यावर कारणाचा रकाना आखून ती परत धाडली. लग्नाला एकशे दहा माणसं आली आणि व्याही अजून हसत सांगतात.

मला ती वही नकोशी होती. का, ते आता सांगून टाकतो. अकरा वर्षांपूर्वी भाऊ अमरावतीलाच होते, मी त्यांच्या हाताखाली. मला "लेका" म्हणत. एका सोमवारी ते जेवायला गेले असताना मी शहाणपणा केला. सर्वरनं एका वेळी किती जणांना आत घ्यायचं, तो वीसचा आकडा दोनशे केला, रिपोर्ट भराभर निघतील म्हणून. सर्वरचा जीवच कोंडला. दुपारभर एक रिपोर्ट निघाला नाही, दारात पेशंट ओरडत होते. घाबरून मी पुन्हा वीस केले आणि गप्प बसलो. मालक डॉक्टरसाहेबांनी विचारलं, जबाबदार कोण? भाऊ म्हणाले, "सर्वर माझ्याकडं हाय." महिन्याभरात त्यांची अकोल्याला बदली झाली आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. जाताना वही माझ्या हातात देऊन म्हणाले, "सांभाळा, साहेब." तेव्हापासून मी "साहेब" झालो. वहीत त्या सोमवारच्या तारखेनं भाऊंनी वीसचा आकडा नव्यानं लिहिला होता, पण पुढे कारणाचा रकाना कोरा होता.

यंदा अमरावतीचा सर्वर थकला. त्याच्या साऱ्या सेटिंग्ज अकोल्याच्या नव्या सर्वरवर न्यायचं ठरलं, आणि त्याच महिनाअखेरीस भाऊ निवृत्त होणार होते. सर्वर विकणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, "पूर्ण फाइल उचलून टाकू, पाच मिनिटांचं काम." भाऊ म्हणाले, "बावा, बिनओळखीचे शंभर जण एकदम घरात घेतं का तू?" म्हणून रविवारी मी वही घेऊन अकोल्याला गेलो. मी वाचायचं, कारणासकट. भाऊंनी नव्या सर्वरवर टाकायचं. सकाळभर छान चाललं. मग ते पान आलं.

"एका वेळी आत, वीस," मी वाचलं.

"काहून वीस?"

मी पुढची ओळ वाचायला लागलो.

"कारण नसन तर नेत नाई मी. नवा सर्वर घेईन त्याच्या मनानं."

त्याच्या मनानं म्हणजे कंपनीनं आधीच भरून दिलेला आकडा, पुन्हा दोनशेच. सोमवारी सगळं पुन्हा ठप्प, आणि नोकरीच्या शेवटच्या महिन्यात पुन्हा भाऊंच्याच माथी. एसीत मला घाम फुटला.

"भाऊ, दोनशे मी केले होते. तुम्ही जेवायला गेला होता तेव्हा."

भाऊंनी मान वर केली नाही. "मले मालूम हाय. सर्वर सारं लिवून ठेवते, कोन बदल केला ते. त्याच दिवशी पायलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलतं का, ते पाहून राहिलो होतो." कीबोर्डवरचा हात काढून म्हणाले, "राग होता. दोन वर्सं घरात तुयं नाव घेऊ देलं नाई. मंग थकलो. लिव आता लेका, कारण. अन् सही कर."

मी लिहिलं: "दोनशे करून पाहिले, सर्वर कोंडला. चूक माझी." सही केली. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी जो झोपलो, तो बडनेऱ्याला कंडक्टरनं हलवून उठवेपर्यंत.

सोमवारी नवा सर्वर सुरळीत चालला. मंगळवारी डॉक्टरसाहेबांनाही सांगितलं. ते चष्म्यावरून बघत एवढंच म्हणाले, "फार उशीर केलास." केलाच होता. भाऊंच्या निरोपाच्या दिवशी मात्र डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांसमोर ती गोष्ट खरी सांगितली, आणि भाऊ स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसत "एसी लय वाढवला बावा कोनं तरी" म्हणाले.

त्या रविवारी भाऊंनी ठेवून घेतलेली वही पुन्हा माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर भाऊंच्या अक्षरात ओळ आहे: "अमरावतीचा सर्वर बंद. कारण: काम झालं. तक्रार नाही." स्वेटर अकोल्याच्या त्या खोलीतच खुंटीला आहे. तिकडे गेलो की मी तो घालतो, आणि चहाला जाताना काढायचा राहून जातो.