तांबडीच्या करडाचा कान

"तुन्हा तोंडले कुलूप नही शे," असं आई मला लहानपणापासून म्हणते. ब्राह्मणपुरीत सगळ्यांना ते माहीत आहे. पण त्यापायी एका बाईची दुभती शेळी जायची वेळ येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

मी शेळ्यांच्या आईकडच्या वंशावर संशोधन करते. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. त्यासाठी तोरणमाळच्या एका मावशींच्या शेळ्यांचं रक्त नेलं होतं. निकाल घेऊन वर गेले आणि उचलली जीभ लावली टाळ्याला! "मावशी, सगळ्या तुमच्या म्हाताऱ्या शेळीच्या लेकी-नाती. ही तांबडी तेवढी परकी दिसते."

त्यांचा दीर तिथेच उभा होता. पावसाळ्यात दोघांचे कळप रानात एकत्र झाले, तेव्हापासून तांबडी आपली म्हणून तो भांडत होता. भावाभावांची कानाला चीर मारायची खूण एकच, त्यामुळे कान बघून निवाडा होईना. त्याने माझं वाक्य झेललंच. आठवड्याने पंच बसायचे ठरले. मावशी तांबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. घाट उतरताना मला रडू फुटलं.

संशोधनातल्या माझ्या सरांना फोन केला. ते भडकलेच. "अगं शहाणे, तांबडीच्या डीएनएचा मजकूर नीट वाचलास तरी का?"

वाचला. मध्येच तुटलेला होता. असा जीन घेऊन कुठलीच शेळी जगली नसती, म्हणजे तो खरा नव्हताच. फार पूर्वी मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची एक नक्कल पेशीच्या केंद्रकात जाऊन बसली आणि तिथेच निकामी पडून राहिली. रक्तात खरा डीएनए आधीच कमी, त्यात तांबडीचा नमुना जुना झालेला. यंत्राने ती नक्कल वाचली आणि मी नंदीबैलासारखी मान डोलावली.

दुसऱ्याच दिवशी परत वर गेले. तांबडीच्या करडाच्या कानाला चीर मारायची होतीच. मावशींनी सुरी चालवली, तेवढा तुकडा मी कुपीत घेतला. आईचं ते लेकरात उतरतंच, आणि कानाच्या तुकड्यात खरा डीएनए भरपूर. दिराच्या शेळ्या अक्कलकुव्याच्या बाजारातल्या. त्यांचेही नमुने घेतले.

दिराच्या शेळ्यांची आईकडची ओळ वेगळी निघाली. करडाची आणि म्हाताऱ्या शेळीची एकच. हुश्श! मी खुर्चीत धपकन बसले आणि वेड्यासारखी हसत सुटले.

पंचांसमोर सांगून टाकलं, "चूक माझी. तांबडी मावशींचीच." दीर म्हणाला, "जाऊ दे." इतकं सोपं! आठवडाभरात पहिल्यांदा मला भूक लागली.

मावशींचे हात धरून माफी मागितली. त्यांनी हसत चहाला आधण ठेवलं.

"तांबडी जन्मताना आडवी आली होती," त्या म्हणाल्या. "ह्याच हातांनी ओढून काढली मी तिला. तू रक्ताला विचारलं, कानाला विचारलं. मला नाही विचारलं."