उशिरा वाजणारा भोंगा

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. सगळे म्हणजे दोघंच, मी आणि सर. नागपूरजवळ वाडीला, अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टच्या एका गोदामावर भाड्याच्या दोन खोल्या आहेत, तेच आमचं ऑफिस. खाली दिवसभर ट्रक मागे घेताना क्लीनर ओरडत असतात, "आने दो, आने दो," आणि वर आम्ही गावोगावच्या हवामान यंत्रांकडून येणारे आकडे बघत बसतो. वारा, तापमान, दमटपणा, आणि ढगांत वीज साठते आहे का ते सांगणारा आणखी एक आकडा. तो चढला की आमच्या कॉम्प्युटरकडून त्या गावातल्या भोंग्याला निरोप जातो. भोंगा वाजला की शेतातल्या माणसांनी पक्क्या छपराखाली जायचं. एवढंच आमचं काम. पण ते वेळेवर झालं तर काम, नाहीतर नुसता आवाज.

कळमेश्वरच्या पुढे एक गाव आहे. संत्र्याच्या बागा, बाकी कापूस. तिथलं यंत्र आम्ही थंडीत बसवलं. ग्रामपंचायतीच्या मागे खांब, त्यावर वारा मोजणाऱ्या फिरत्या वाट्या, खाली कमरेएवढ्या उंचीवर लोखंडी डबा. आकडे पाठवणारं मोडेम त्या डब्यात, आणि डब्याच्या डोक्यावर बोटाएवढा अँटेना. डब्याची किल्ली आम्ही शेजारच्या एका मावशींना दिली. दिली म्हणजे काय, त्यांनी मागूनच घेतली. आदल्या पावसाळ्यात त्यांची धाकटी बहीण मोहाच्या झाडाखाली थांबली असताना वीज पडून दगावली होती. मावशी तेव्हा थोड्याच मागे होत्या. "याले मीच पाहीन," किल्ली कमरेला खोचत त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नका."

थंडीभर यंत्र गुणी पोरीसारखं वागलं. चैत्र लागला आणि बिघडलं.

बिघडलं म्हणजे आकडे चुकत नव्हते, उशिरा येत होते. प्रत्येक आकड्यासोबत दोन वेळा येतात, एक मोजल्याची आणि एक आमच्याकडे पोचल्याची. दोन्हींत जेमतेम काही सेकंदांचं अंतर हवं. इथे दुपार झाली की ते वाढत जायचं, पुढे तासावर जायचं, आणि संध्याकाळी अडकलेले सगळे आकडे पंगतीचं दार उघडल्यासारखे एकदम आत घुसायचे. वैशाखात एकदा अवकाळी आलं. बायका रानात कापसाची धसकटं वेचत होत्या. ढग गडगडून, बरसून निघून गेले, ऊन पडलं, बायका ओल्या लुगड्यांनी घरी पोचल्या, आणि मग आमचा भोंगा वाजला. गाव हसलं. वरातीमागून घोडं, दुसरं काय!

लोक हसले याचं मला काही नव्हतं. पण हसून सोडलेल्या भोंग्याला पुढच्या वेळी कोण ऐकणार? त्यात ज्या संस्थेने यंत्र दिलं होतं तिने सरांना कळवलं, की पाऊस लागायच्या आत हे सुधारलं नाही तर यंत्र उचलून दुसऱ्या गावात लावू. ही बातमी मावशींपर्यंत कशी गेली कोण जाणे. त्यांचा फोन आला. "बाई, नेऊ नका वं ते. भोंगा गेला तं बाया पुन्हा झाडाखालीच थांबतीन."

त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. मोबाइल कंपनीला यथेच्छ शिव्या घातल्या, सिम बदललं. आमच्याच सर्व्हरचं घड्याळ तपासलं. बॅटरी नवी, सौर पॅनल पुसून लख्ख, मोडेमसुद्धा नवं. दरवेळी सकाळी जायची, दरवेळी डब्यावरचा हिरवा दिवा माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचा, आणि मी घरी पोचायच्या आत आकडे पुन्हा अडकायचे. एका दुपारी मी माऊस टेबलावर आपटला. सरांनी तो उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, बिघाड दुपारचा आणि आपण सकाळचे. गाठ पडणार कशी?"

खरं होतं ते. नागपूरचा माणूस वैशाखात दुपारी घराबाहेर पडतो का? कूलरसमोर आडवा होतो. यंत्र दुरुस्त करणारा माणूसही नागपूरचाच. आम्ही सगळी दुरुस्ती ऊन चढायच्या आत उरकत होतो.

दुसऱ्या दिवशी डोक्याला दुपट्टा गुंडाळला, ऊन लागू नये म्हणून आईने खिशात कांदा कोंबला, आणि भर उन्हात स्कूटर काढली. वाटेत मी सरांना, यंत्राला आणि सूर्याला आळीपाळीने बोल लावत होते. मावशी रानातून नुकत्याच आल्या होत्या. मला बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "अवं भैताड, अशा उन्हात येतेत का कोणी?" मग पन्ह्याचा गडू पुढे केला आणि तो रिकामा होईपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

मी त्यांच्या ओसरीत लॅपटॉप उघडून बसले. समोरच डबा दिसत होता. आकडे वेळेवर येत होते. थोड्या वेळाने मावशी बादली घेऊन निघाल्या. बादलीत पाणी, पाण्यात ज्यूटचं पोतं. त्यांनी ते उचललं आणि डब्यावर, अँटेनासकट, नीट पांघरलं. लॅपटॉपवरचे आकडे थांबले.

"मावशी, हे काय करून राहिल्या?"

"भिजवून राहिली. लोखंड हाये ते, किती तापते, हात तं लावून पाह्य! माठाले नाही का आपण ओला कपडा गुंडाळत? बापडीले कूलर तं लावता येत नाही."

मी उठून पोत्याचं टोक उचललं. आकडे धावत सुटले. टोक सोडलं, थांबले. त्या गावात नेटवर्क आधीच मरतुकडं, त्यावर पाण्याने निथळणारं पोतं. निरोप बाहेर पडणार कुठून? पोतं वाळलं की सुटायचा. मावशी ते पुन्हा भिजवायच्या. दिवेलागणीला काढून, झटकून, घडी घालून आत ठेवायच्या. सकाळी येणाऱ्या आम्हाला ते दिसलं असतं तरच नवल.

माझा राग उसळून अगदी जिभेवर आला. तेवढ्यात मावशींनी पोत्याचा सरकलेला कोपरा हळूच ओढून सारखा केला. मी तोंड मिटलं.

काही न सांगता अँटेना वर खांबाला बांधून टाकता आला असता. तो विचार मनात आलाही. पण ज्या बाईने ऊन चढलं की रोज न चुकता त्या डब्याची काळजी केली, तिला फसवायचं? मी सगळं सांगितलं. त्या खालीच बसल्या.

"म्हणजे मीच तिचं तोंड दाबून राहिली होती?" त्या म्हणाल्या. "अवं माय! कोणाचा जीव गेला असता तं?"

समजूत घालणं हा माझा प्रांत नाही. जे खरं होतं तेच बोलले. "मावशी, तुम्ही रोज नेमानं दुपारीच भिजवलं, म्हणून मले पत्ता लागला. आज भिजवलं, उद्या नाही, असं असतं तं मी अजून सिमच बदलत बसली असती."

"खोटं बोलून राहिली तू."

मी सरांना फोन लावून स्पीकरवर टाकला. सर कमी बोलतात, पण त्या दिवशी नेमकं बोलले. "मावशी, डबा तापतो हे तुमचंच बरोबर आहे. आमच्या लक्षात यायला हवं होतं. त्याला सावली पाहिजेच. फक्त ओली नको."

मावशी उठल्या. घरामागून बांबूचा तट्ट्या ओढून आणला, आम्ही दोघींनी चार काठ्या रोवल्या आणि डब्याला छप्पर केलं, अँटेना मोकळा सोडून. त्या दिवसापासून त्या गावचे आकडे एकदाही रेंगाळले नाहीत, आणि संस्थेनेही यंत्र तिथेच राहू दिलं. घरी येताना ऊन तितकंच होतं, पण मी कोणालाही शिवी दिली नाही. भोंगा नेऊ नका म्हणताना मावशींनी टाकला तेवढा भरवसा माझ्यावर कोणी क्वचितच टाकला असेल, आणि तो निभावला गेला होता.

मग ज्येष्ठात ती दुपार आली. मी जेवणाचा डबा उघडून पहिला घास घेणार, तोच त्या गावचा विजेचा आकडा चढू लागला. निरोप गेला, भोंगा वाजल्याची खूण आली. मी मावशींना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिकडचा वारा वाढत होता, तो आकडा क्षणाक्षणाला समोर उमटत होता. यंत्र बोलत होतं आणि माणूस बोलत नव्हतं. सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. खाली कोणीतरी ट्रकचा फाळका आपटला आणि मी दचकले.

फोन वाजला तेव्हा आधी नुसता गडगडाटच ऐकू आला.

"समाजमंदिरात आहो वं आम्ही," मावशी ओरडून सांगत होत्या. "एकीचं लेकरू होतं माह्या कडेवर, फोन कसा उचलू? भोंगा वाजला तवा लख्ख ऊन होतं. बाया हासल्या. म्हने, वाजू दे, त्याचं रोजचंच हाये. मी एकेकीच्या हातची टोपली हिसकली अन् हाकलत आणल्या. शिव्या देत आल्या मले! दार लोटलं अन् मंग..." पुढचं गडगडाटात बुडालं. मग त्यांचा आवाज पुन्हा आला. "तू काहून रडून राहिली? जेवली का नाही?"

मागे बायकांचा गलका चालू होता, कोणीतरी हसत होतं, ते लेकरू भोकाड पसरून रडत होतं. मी कशीबशी एवढंच विचारू शकले, "मावशी, सगळ्या आत आहात ना?"

"साऱ्या आहो," त्या म्हणाल्या. "एक बी कमी नाई."