सुपडूआबांच्या लेकीचा हात

आमच्या महापालिकेतल्या महापौर निवडणुकांचा इतिहास कुणी लिहिलेला नाही, पण सुपडूआबांना तो तोंडपाठ आहे. आबा सभागृहातले शिपाई, मी नगरसचिव कार्यालयातला कारकून. पहिल्या निवडणुकीला नगरसेवक आपापल्या स्कूटरवर आले, हात वर केले आणि घरी जेवायला गेले. दुसऱ्या वेळी मतं फुटू नयेत म्हणून नगरसेवकांना घेऊन जीपगाड्या सापुताऱ्याला गेल्या. पुढे एसी बस आली, मोबाइल काढून घेणं आलं. याला आम्ही अजून सहल म्हणतो, लाज कशी ती वाटत नाही. "सहलथून येल मानूस खाले देखस," आबा म्हणायचे.

मधली काही वर्षं प्रशासक होते. यंदा निवडणूक लागली आणि आबांची लेक दिपमाला राखीव वॉर्डातून निवडून आली. सभागृहात आबा सगळ्या नगरसेविकांना मॅडम म्हणत. तिने आधीच बजावलं, "आबा, माले मॅडम म्हनू नका." आबा खूप हसले.

तिला तिकीट कुंदाबाईंनी मिळवून दिलं होतं, प्रचारात दारोदार फिरल्याही त्याच. त्या महापौरपदाला उभ्या राहिल्या, तेव्हा आबांनी घरी जाऊन शब्द दिला, "मन्ही पोरना हात तुमनाकरताच वर व्हई, अक्का."

महापौर निवडणुकीच्या तीन दिवस आधी आबांच्या दारात सहलीची गाडी आली. माणसं पक्षाचीच होती. पक्षात फूट पडलीय, हे नंतर कळलं. आबांनी स्वतः लेकीची बॅग गाडीत ठेवली. वीस वर्षं जगाला सांगितलं ते घरात सांगायला हा माणूस विसरला. मला राग आला होता, पण मीही गप्प बसलो.

मतदानाला दिपमाला आली. आबा दाराशी पाण्याचा ट्रे घेऊन उभे होते. तिने खाली पाहिलं.

हात मोजायचं काम माझं. कुंदाबाईंचं नाव पुकारलं, मी मोजले, पुन्हा मोजले. दिपमालाचे हात मांडीवर होते. फुटलेल्या गटाच्या जितेंद्रसाहेबांच्या नावाला तिचा हात जेमतेम कानापर्यंत गेला. मला तो मोजावाच लागला. कुंदाबाई एका मताने पडल्या.

आबांनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास नेला. त्यांनी तो घेतला, पाणी प्यायल्या आणि ग्लास ट्रेवर परत ठेवला. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी आबांना एकटं सोडवेना, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. दिपमालाने ताटं वाढली.

"जितेंद्रसाहेबना मानसं म्हने, ललितले कायम करतीन," ती म्हणाली. ललित तिचा धाकटा भाऊ, पाणीपुरवठ्यात नऊ वर्षं रोजंदारीवर. "नही तं उद्यापाईन बंद. मी काय करू, आबा?"

आबा भिंतीला टेकून बसले होते. ललितचं नाव निघाल्यावर त्यांनी डोळे मिटले.

"जेयी ल्या ना." दिपमालाने त्यांचं ताट पुढे सरकवलं.

आबा उठले, खुंटीवरची टोपी घातली. त्यांना कुंदाबाईंकडे जायचं होतं.

"तुम्ही जेयी ल्या, मॅडम," ते म्हणाले.