ठाकोरकाकांच्या अंगणातला लिलाव

सुरतेत मी साड्यांचे कॅटलॉग फोटो काढते. पदर जरा इकडे, निऱ्या सरळ, मग क्लिक. आठ वर्षं हेच! यंदा ठरवलं, काहीतरी खरंखुरं टिपायचं. बारडोलीजवळच्या एका गावातले ठाकोरकाका शेती आवरून मुलीकडे राहायला निघालेत, बैल-अवजारांचा लिलाव अंगणातच होणार, असं कळलं. फोनवर परवानगी मिळाली आणि तेव्हापासून एकच धास्ती. एकही फोटो जमला नाही तर?

लिंबायतहून रिक्षाने स्टँड, पुढे एसटीने तासाभरात बारडोली. जाणार असाल तर सकाळीच निघा आणि तिथले पातरा, म्हणजे आपल्या अळूवड्या, खाऊनच पुढे जा. मला मेलीला दोन घासही गेले नाहीत. गावापर्यंत उसातून शेअर रिक्षा मिळते.

अंगणात लोक बैलांचे दात बघत होते, काका त्यांच्यात. मी अवजारांच्या ढिगाकडे वळले. नांगर, कुदळी, खुरपी, सगळं मातकट. फ्रेममध्ये जीवच नाही हो! ओसरीत खुंटीला एक विळा होता, मूठ वापरून काळी तुळतुळीत. काढला, ढिगावर ठेवला, क्लिक. काय फोटो आला म्हणून सांगू! तेवढ्यात बैलांची बोली लागली आणि मी तिकडे पळाले.

मग अवजारं. "एक वार, बे वार, त्रण वार!" ढीग मांडवीच्या सविताबेननी घेतला. गर्दी पांगल्यावर काका ओसरीत गेले आणि तसेच बाहेर आले.

"मारी रमानुं दातरडुं क्यां?"

रमाबेन म्हणजे त्यांची बायको, गेल्या वर्षी वारलेली. विळा तिचा होता. तो विकायचाच नव्हता.

मी पुढे झाले. "काका, मीच काढला... फोटोसाठी." सविताबेननी अवजारांची मोळी सोडून विळा लगेच पुढे केला. काकांनी हात मागे घेतला.

"त्रण वार थई गयुं. हवे तमारुं."

तीन हाका झाल्या, आता तो सविताबेनचा. तिसऱ्या हाकेनंतर माल परत घ्यायचा नाही, ही त्यांची रीत. मी हात जोडले, रडले. नाहीच ऐकलं त्यांनी.

निघताना एवढंच म्हणाले, "खींटी परनो फोटो मोकलजे, बेटा." खुंटीवरच्या विळ्याचा फोटो पाठव, असं. घाबरून मी हो हो म्हणून गेले.

घरी कार्ड दहादा तपासलं. ढिगावरचा विळा आहे, माझा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो. खुंटीवरचा नाही. कॅमेरा उचलायच्या आधीच मी तो उतरवला होता. दोन दिवस काकांचा फोन घ्यायचा धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी मीच लावला आणि खरं सांगितलं.

 काकांनी विचारलं, नुसत्या खुंटीचा तरी असेल ना?

तोही मी काढला नव्हता.